पान कितीला पडतं, ते आधी काढू

नमस्कार ताई,

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. घरच्या ओसरीवर शिकवणी घेते. तिसरी-चौथीची चौदा मुलं येतात, बहुतेक सरकारी मराठी शाळेतली. पाचवीला माध्यम इंग्रजी होतं आणि मुलं गांगरतात, म्हणून मी त्यांना इंग्रजीचे आणि गणिताचे सरावाचे कागद छापून देते. महिन्याला दीडशेच्या आसपास पानं होतात. त्यासाठी गणेश चवथीच्या ऑफरमध्ये साडेचार हजारांचा प्रिंटर घेतला. काळं कार्ट्रिज नऊशेला पडतं, रंगीत अकराशेला. खोक्यावर १२० पानं लिहिली आहेत, मला साठसुद्धा मिळत नाहीत. फी मी मुलामागे तीनशे घेते. मिस्टर म्हणतात, हा टाकून नवा घेऊ, नव्याबरोबर शाई येतेच. भाचा म्हणतो लेझर घे. बाजारातला एक दुकानदार अडीचशेत रिफिल करून देतो म्हणाला, पण प्रिंटर बिघडेल अशी भीती वाटते. झेरॉक्सला दोन रुपये घेतात, पण दुकान डिचोलीच्या बाजारात, स्कूटर काढावी लागते. त्यात यंदा जत्रेला मिस्टरांच्या मंडळाचं नाटक आहे. ऐंशी पानांच्या संहितेच्या बारा प्रती ‘आमच्या घरी काढू’ असं ते सांगून आलेत. वाड्यावरची, म्हणजे आमच्या वस्तीतली, माणसंही आधारची प्रत, फॉर्म असं काहीबाही घेऊन येतात. नाही म्हणवत नाही. माझं काही चुकतंय का, की कंपन्या फसवतात?

— ओसरीवरची शिकवणी


ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी कागदावर आकडे मांडले. नऊशेच्या कार्ट्रिजमध्ये साठ पानं, म्हणजे पान पंधरा रुपयांना. महिन्याची दीडशे पानं धरली तर सव्वादोन हजार. चौदा मुलांची फी होते चार हजार दोनशे. निम्म्याहून जास्त फी शाईत जातेय. त्यात कागद धरलेला नाही, वीज धरलेली नाही, रात्री जेवणं उरकून तुम्ही ते कागद तयार करता तो वेळ तर नाहीच नाही. गावातल्या मुलांसाठी इतकं करणाऱ्या बाईच्या पदरात शेवटी काही राहू नये, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर थोडं थोडं ‘हो’ असं आहे. आधी कंपन्यांचं बघू.

प्रिंटर स्वस्तात द्यायचा आणि कमाई शाईवर करायची, हा या धंद्याचा उघड रिवाज आहे. साडेचार हजारांत छापणारं, स्कॅन करणारं यंत्र मिळतं ते याच हिशेबाने. तुमच्या त्या छोट्या कार्ट्रिजमध्ये शाई असते जेमतेम चहाचा चमचाभर, पाचेक मिली. मिलीला पावणेदोनशे-एकशेऐंशी रुपये पडले. उलट टँकवाल्या, म्हणजे बाटलीतून टाकीत शाई भरायच्या, प्रिंटरची ६५ मिलीची काळी बाटली पाचशेच्या आत येते, म्हणजे मिलीला आठ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्या तफावतीचं एक खरं कारण आहे, ते कंपनीच्या बाजूनेही सांगायला हवं. तुमचं कार्ट्रिज उलटं करून बघा. खाली तांब्याच्या रंगाची पट्टी दिसेल आणि तिच्या टोकाला एक बारीक चकचकीत चौकोन. तो छपाईचा हेड. त्यात डोळ्यांना न दिसणारी शेकडो छिद्रं असतात आणि प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापक. तो क्षणार्धात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि बुडबुडा थेंब कागदावर ढकलतो. म्हणजे दर वेळी तुम्ही नुसती शाई घेत नाही, नवा हेडही घेता. टँकच्या प्रिंटरात हेड कायमचा यंत्रात बसवलेला असतो, बाटलीत फक्त शाई असते.

पण हेडचा खर्च धरूनही नऊशे रुपये पटत नाहीत, हे माझं ठाम मत आहे. आणि माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. प्रिंटरच्या खोक्यावर वायफाय, ब्लूटूथ, मोबाइलवरून छपाई हे सगळं ठळक असतं. एक पान कितीला पडेल हे मात्र ठळक कुठेच नसतं. गिऱ्हाइकाला लागणारा तोच एक आकडा. फ्रिजवर विजेचे तारे छापायला लावले तसा पानाचा दरही छापायला लावला पाहिजे. तोवर तो आपणच काढायचा: कार्ट्रिजची किंमत भागिले पानं. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर निघतो.

आता खोक्यावरच्या १२० पानांचं. तो आकडा खोटा नाही. आयएसओ २४७११ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठरावीक पानांचा एक संच सलग छापतात आणि कार्ट्रिज किती पानांना पुरलं ते मोजतात. त्या पानांवर प्रत्येक रंगाची शाई साधारण पाच टक्के जागेवरच पडते. पांढरा कागद, त्यावर विरळ मजकूर, थोडी चित्रं. आणि छपाई सलग. आपल्या घरात यातलं काहीच नसतं. तुमची उरलेली साठ पानं या फरकात गेली आणि त्यातली बरीचशी परत मिळवता येतील.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण माझा अंदाज आहे की सरावाचे कागद तुम्हाला व्हॉट्सअपवर येतात. दुसऱ्या एखाद्या बाईंनी पुस्तकाच्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ग्रुपवर टाकलेला असतो आणि तुम्ही तोच प्रिंटला देता. असं असेल तर चोर सापडला. छापलेलं एखादं पान उजेडात धरून बघा. कागद पांढरा नसतो. सगळ्या पानावर राखाडी झाक असते, एका कोपऱ्यात मोबाइल धरणाऱ्या हाताची सावली, कडेला टेबलाची काळी पट्टी. आपल्या डोळ्यांना तो ‘थोडा मळकट’ कागद वाटतो. प्रिंटरला मात्र पान भरून ठिपके टाकावे लागतात. पाच टक्क्यांच्या जागी तीस-चाळीस टक्के पान शाईने झाकलं जातं. अशी चार पानं काढली की साध्या पंचवीस-तीस पानांची शाई गेली.

उपाय फुकट आहे. फोटोऐवजी मोबाइलच्या स्कॅनरने पान घ्या. गूगल ड्राइव्हच्या अॅपमध्ये स्कॅनची सोय असते, इतरही साधी अॅप मिळतात. स्कॅन झाल्यावर काळा-पांढरा फिल्टर निवडा. मागची झाक पूर्ण पुसली जाते, अक्षरं आणि रेषा राहतात. ग्रुपवर आलेला फोटोही याच फिल्टरमधून काढता येतो. दुसरं, बेरजा-वजाबाक्यांचा कागद असेल तर एका ए-फोर पानावर दोन बसवा आणि मधून कापा. तिसरीच्या मुलांना तेवढं अक्षर दिसतं. गडद काळी चौकट, भरलेलं सफरचंद, रंगीत पार्श्वभूमी यातलं काही नको. नुसत्या रेषांचं सफरचंद द्या, मुलं रंगवतील, त्यांनाही आवडेल. आणि छापताना ड्राफ्ट निवडा. थोडं फिकं येतं, पेन्सिलने सोडवायच्या कागदाला पुरेसं असतं. चाचणीचा कागद हवा तर नॉर्मलवर काढा.

राहिलेली शाई कुठे जाते? हेड साफ करण्यात. इंकजेट, म्हणजे तुमच्यासारखा शाईचा, प्रिंटर चालू झाला की तो घरघरतो, खटखटतो, तेव्हा बऱ्याचदा थोडी शाई हेडमधून ओढून आतल्या शोषकात टाकत असतो. छिद्रं सुकू नयेत म्हणून. आता तुमचं नेमकं काय होतं ते मला दिसतंय. पावसाळ्यात आपल्याकडे वीज येते-जाते, गडगडायला लागलं की आपण सगळे प्लग काढतो, एरवीही काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय. प्रिंटरला ते सोसत नाही. त्याच्या अंगावरचं बटण दाबलं तर तो आधी हेड सरकवून टोपीखाली नेतो, मग बंद होतो. भिंतीवरून बंद केलं आणि हेड मध्येच कुठे असला तर तो उघडा राहतो, छिद्रं सुकतात आणि पुढच्या वेळी साफसफाईत जास्त शाई जाते. तेव्हा आधी प्रिंटरचं बटण, आवाज थांबू द्या, मग प्लग. गडगडाट असेल तर प्लग जरूर काढा, पण या क्रमाने. दिवसातून चारदा चालू-बंद करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीचे सगळे कागद एकदमच काढा.

उलट बाजूही आहे. मे महिन्यात शिकवणी बंद आणि प्रिंटर महिनाभर झाकलेला, असं झालं तरी छिद्रं सुकतात. आठवड्याला एक पान, चारही रंग असलेलं, काढत जा. फिकट रेघा आल्या म्हणून ‘डीप क्लीनिंग’ तीन-चारदा लागोपाठ मारू नका, त्यात कार्ट्रिज आटतं. तुमच्यासारख्या हेडवाल्या कार्ट्रिजला सोपा उपाय आहे. टिश्यू पेपरची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळा, कार्ट्रिज काढून हेड त्यावर हलकेच काही सेकंद टेकवा, घासू नका. रंगीत कार्ट्रिज असेल तर टिश्यूवर गुलाबी, निळा, पिवळा असे तीन ठसे उमटतात. तिन्ही उमटले तर शाई आहे, छिद्रं मोकळी आहेत. एखादा उमटलाच नाही तर तो रंग संपला किंवा अडकला. तांब्याच्या पट्टीला मात्र बोट लावू नका.

‘इंक लो’ असं आलं की कार्ट्रिज बदलायचं नसतं. बऱ्याच प्रिंटरांत तो इशारा शाई मोजून येत नाही, किती थेंब टाकले त्याच्या अंदाजावरून येतो. अक्षर फिकं पडेपर्यंत छापत राहा. आणि रंगीत संपलं म्हणून काळंही चालेना, असं झालं तर अकराशे रुपये घेऊन दुकानात धावू नका. दोन कार्ट्रिजच्या कित्येक मॉडेलांत, एचपीच्या डेस्कजेटमध्ये तर नक्की, संपलेलं कार्ट्रिज काढून ठेवलं की प्रिंटर उरलेल्या एकावर चालतो. तुमचं काम नव्वद टक्के काळं आहे. रंगीत संपेल तेव्हा काढून ठेवा आणि घेऊच नका. तोवर छपाईच्या सेटिंगमध्ये ‘ग्रेस्केल’च्या आत ‘ब्लॅक इंक ओन्ली’ निवडून ठेवा. नुसतं ग्रेस्केल ठेवलं तर काही प्रिंटर तीन रंग मिसळूनही काळं करतात.

रिफिलची भीती निम्मी खरी आहे. ते करणं बेकायदा किंवा चोरीचं मुळीच नाही. अमेरिकेत लेक्समार्क या प्रिंटर कंपनीने रिफिल करणाऱ्यांवर पेटंटचा दावा लावला होता. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कार्ट्रिज एकदा विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. कंपन्यांनी दुसरे मार्गही वापरून पाहिले. २०१६च्या सप्टेंबरात एचपीच्या कित्येक प्रिंटरांनी दुसऱ्यांची कार्ट्रिज अचानक नाकारायला सुरुवात केली, कारण प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्येच तशी तरतूद होती. पुढे इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०२० साली, ग्राहकांना या बंधनांची नीट माहिती दिली नाही म्हणून, कंपनीला एक कोटी युरोंचा दंड केला. म्हणून नवा प्रिंटर घेताना खोक्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा. ‘फक्त मूळ चिपची कार्ट्रिज चालतील’, ‘इंटरनेटला कायम जोडलेला असावा’ असं काही दिसलं तर खोकं परत ठेवा.

तुमच्या कार्ट्रिजला रिफिल चालतं, पण दोन-चार वेळाच. शाई हेडला थंडही ठेवत असते. कार्ट्रिज ठणठणीत कोरडं होईपर्यंत छापत राहिलात तर आतले तापक जळतात आणि मग कितीही शाई भरा, पान पांढरं येतं. त्यामुळे रिफिल करायचं ठरवलं असेल तर पहिल्या फिकट रेघेलाच थांबा आणि त्याच दिवशी भरून घ्या. फक्त काळं भरा. रंगीत भरताना एका खणातली शाई दुसऱ्यात उतरते आणि पिवळा हिरवा होऊन बसतो. गळती होते का ते दुकानातच अर्धा तास थांबून, टिश्यूवर ठेवून बघा. वॉरंटी अजून चालू असेल तर थांबा, कारण बाहेरच्या शाईने काही बिघडलं तर कंपनी हात वर करणार. अडीचशेत साठ पानं काढलीत तरी सवाचार रुपये पान पडतं. वर सांगितलेली झाक पुसलीत तर त्याच्या निम्मं.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचा हिशेब जमत नाही. नव्या प्रिंटरबरोबर येणारी कार्ट्रिज बऱ्याचदा ‘सेटअप’ची असतात, दुकानातल्यापेक्षा कमी भरलेली. साडेचार हजार देऊन तुम्ही शंभरएक पानं विकत घ्याल आणि चालतं यंत्र भंगारात घालाल. भाच्याचं म्हणणं ज्यांची छपाई तुरळक आहे त्यांच्यासाठी बरोबर आहे. लेझरची पूड सुकत नाही, तीन महिने झाकून ठेवला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. पण साधा काळा लेझरच दहा-पंधरा हजारांचा आणि कंपनीचा मूळ टोनर, म्हणजे ती पूड, वापरलात तर पानाला दोन-तीन रुपये. तेवढ्यात झेरॉक्स होते.

झेरॉक्सकडे येऊ. चौदा मुलांसाठी एकच कागद चौदा वेळा घरी छापणं, इथे तुमचं चुकतंय. एक प्रत घरी स्वच्छ काढा आणि तेरा झेरॉक्स करा. झाक पुसून, नीट वापरून तुमचं पान साडेसातला आलं तर चौदा प्रतींचे होतात साडेतेहतीस रुपये, म्हणजे प्रत दोन रुपये चाळीस पैशांना, आणि त्यात कागद आला. महिन्याचे तीनशे साठ. सव्वादोन हजारांवरून तीनशे साठ! त्यासाठी आठवड्याचे सगळे कागद आठवड्याच्या सुरुवातीला ठरवावे लागतील आणि बाजाराच्या फेरीत एकदम काढून आणावे लागतील. शिकवणी चालवणाऱ्याला हे अवघड जातं, मला कल्पना आहे. आज भागाकारात मुलं अडली तर उद्या भागाकाराचाच कागद हवा असतो. तसे अडीनडीचे दोन-चार घरी काढा, बाकीचे बाजारात.

मग टँकचा प्रिंटर घ्यावा का? तो साधारण बारा हजारांच्या पुढे. एप्सनच्या ००३ नंबरच्या काळ्या बाटलीवर साडेचार हजार पानं लिहिलेली असतात. निम्मीच मिळाली असं धरलं तरी शाईचा खर्च पानाला पंचवीस पैशांच्या आत. कागदच त्याच्या दुपटीहून महाग पडतो. आजच्या सव्वादोन हजारांच्या खर्चाशी तुलना केली तर सहा महिन्यांत पैसे वसूल. पण झेरॉक्सच्या तीनशे साठशी केली तर कित्येक वर्षं लागतात. दुकानदार तुम्हाला पहिली तुलना सांगेल, दुसरी सांगणार नाही. म्हणून माझा सल्ला असा: आज कर्ज काढून किंवा हप्त्यावर टँक घेऊ नका. आहे तो प्रिंटर वर सांगितल्याप्रमाणे वापरा, एका वहीत रोजची पानं लिहा. नाटक, वाडा, शिकवणी वेगवेगळं लिहा. हा प्रिंटर मोडेल तेव्हा, किंवा स्कूटरच्या फेऱ्यांचा कंटाळा आला आणि हातात पैसे असले तेव्हा, टँकच घ्या. कार्ट्रिजचा पुन्हा नको.

घेताना दुकानात एक गोष्ट जरूर विचारा: काळी शाई पिगमेंटची की डायची? दोन्ही प्रकारचे टँक प्रिंटर मिळतात. डायची शाई पाण्याने पसरते. जूनमध्ये मुलं भिजल्या दप्तराने येतात, ओल्या बोटांनी कागद धरतात, सगळी बेरीज निळसर डागात वाहून जाते. पिगमेंटची बरीच टिकते. बाटली मूळ कंपनीचीच घ्या, त्या किमतीत दोन पैसे वाचवायला लोकल शाई घालण्यात अर्थ नाही. टाकीतली पातळी खालच्या रेषेखाली जाऊ देऊ नका, नळ्यांत हवा शिरते. प्रिंटर हलवताना तिरका करू नका. पहिल्या भरतीत बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, ते बघून घाबरू नका. कागदाचं रीम मात्र पावसाळ्यात पिशवीत बांधून ठेवा आणि लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये घाला. दमट कागदावर कुठलीही शाई फाकते आणि पानं एकमेकांना चिकटून दोन-दोन ओढली जातात.

फीचंही बोलायला हवं. तीनशे रुपयांत शिकवणं आणि छापील कागद दोन्ही देणं तुम्हाला परवडत नाही. पालकांना स्पष्ट सांगा की पुढच्या महिन्यापासून कागदाचे तीस रुपये वेगळे. चौदा मुलांचे चारशे वीस होतात, झेरॉक्सचा खर्च भागतो. ज्या घराला तेही जड असेल ते घर तुम्हाला माहीत असतं, तिथे मागू नका.

नाटकाच्या प्रती घरी काढायच्या नाहीत. यात माझं दुमत नाही. ऐंशी गुणिले बारा म्हणजे ९६० पानं. तुमच्या प्रिंटरवर खोक्यावरचा आकडा पुरा मिळाला तरी आठ कार्ट्रिज, सात हजार दोनशे रुपये. आज मिळतात तशी साठ पानं धरली तर सोळा कार्ट्रिज. मिस्टरांना हा आकडा कागदावर लिहून दाखवा. ते सांगून आले तेव्हा त्यांनी हिशेब केला नसेल, दुसरं काही नाही. पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे द्यायचा, पाठपोट काढायला सांगायचं. दोन रुपयांनीही एकोणीसशे वीस होतात आणि एकगठ्ठा कामाला बहुतेक दुकानदार भाव उतरवतात. हा खर्च मंडळाचा, वर्गणीतून. शिवाय बाराजणांना पूर्ण संहिता लागतेच असं नाही. जुन्या मंडळ्यांत नटाच्या हातात फक्त त्याची नक्कल असायची: त्याची वाक्यं आणि त्याआधीच्या पात्राचं शेवटचं वाक्य. दिग्दर्शक, प्रॉम्प्टर आणि मुख्य दोन-तीन पात्रांना पूर्ण प्रत द्या. दोन प्रवेशांत येणाऱ्या शिपायाला त्याची चार पानं पुरतात.

संपलेली कार्ट्रिज ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नका. २०२२च्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही येतात. पंचायतीत विचारून ई-कचऱ्यात द्या. आणि कधी वॉरंटीत असून दुकानदार दाद देईना, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोनआधी बिल हाताशी ठेवा.

राहिली वाड्यावरची माणसं. नाही म्हणू नका, पण दर सांगा. प्रिंटरवर एक पट्टी लावा: ‘एक पान पाच रुपये’. लेखी असलं की तोंडाने मागावं लागत नाही, देणाऱ्यालाही बरं वाटतं. स्कूटर काढून बाजारात जाण्यापेक्षा त्यांना ते स्वस्तच आहे. शक्य तिथे छापूच नका. गृह आधार किंवा दयानंद या सरकारी मदतीच्या योजनांचा काही कागद नुसता बघायचा असेल तर मोबाइलवर दाखवा, सहीसाठी लागेल तेवढंच पान काढा. आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर घ्या, आणि तीही काळ्यातच. आणि पेन्शनच्या कागदासाठी वाट चालून येणाऱ्या आजीकडून तुम्ही पाच रुपये घेणार नाही हे मला माहीत आहे. ते पान वहीत शिकवणीच्या खात्यात लिहा.

तुमची,
ताई